पुणे ते गुवाहाटी: नवा मुलूख पाहायला निघालेल्या एका कुटुंबाचं पहिलं वर्ष

पार्श्वभूमी

सार्वजनिक उपक्रमात अधिकारी असलेल्या एका गृहस्थांची मे महिन्यात पुण्याहून गुवाहाटीला बदली झाली, निदान तीन वर्षांसाठी. सोबत पत्नी, १२ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या आजी. पत्नी घरूनच काम करतात. आजींचे गुडघे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी रोज चालू असते. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

घर फिरस्त्या वळणाचं. पुण्यात पाऊस लागला की ताम्हिणी, माळशेज, लोणावळा. थंडीत सिंहगड किंवा पुरंदर. पोहे खाऊन आठ-साडेआठला निघायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं, हा ठरलेला शिरस्ता. गुवाहाटीत सामान लागण्याआधीच फ्रिजवर यादी चिकटली: चेरापुंजी, काझीरंगा, ब्रह्मपुत्रेतलं माजुली बेट, दावकी, तवांग. मुलांनी त्यात ब्रह्मपुत्रेतली बोट घातली. उत्साह होता, तीन वर्षं हातात होती, पैशांचीही फार ओढ नव्हती. तरी पहिले दोन महिने सगळं फिसकटत गेलं.

अडचण

जूनमधल्या एका शनिवारी भाड्याच्या गाडीने चेरापुंजी, म्हणजे सोहरा, एका दिवसात करून यायचं ठरलं. अंतर जेमतेम १५० किमी. पुण्याच्या हिशेबाने हे महाबळेश्वरला जाऊन येण्याइतकंच. साडेआठला निघाले. जोराबाटला शिलाँगचा रस्ता आणि वरच्या आसामकडे जाणारा रस्ता वेगळे होतात. तिथे ट्रकांच्या रांगेत तासभर गेला. शिलाँग शहर ओलांडेपर्यंत दुपार झाली. सोहऱ्याला साडेतीनला पोहोचले तेव्हा दरी ढगांनी भरलेली होती. नोहकालिकाई धबधब्याचा नुसता आवाज ऐकू येत होता. परतताना शिलाँगच्या आसपास अंधार झाला, त्यात पाऊस. घरी पोहोचायला अकरा वाजले आणि आजींना पुढचे दोन दिवस उठता-बसता येईना.

दुसरा फटका काझीरंगाचा. मुलांच्या शाळेला मोठी सुट्टी जुलैत होती. एका रिसॉर्टची खोली ऑनलाइन मिळाली, आगाऊ पैसे भरले आणि मग कळलं की पावसाळ्यात उद्यान बंद असतं. रिसॉर्ट वर्षभर उघडं असतं, सफारी नसते. आरक्षणाच्या पानावर याचा उल्लेख नव्हता. पैसे निम्मेच परत आले.

त्याच सुमाराला आजींना कामाख्येला न्यायचा बेत होता. तो शेजारच्या बाइदेउंनी (असमियात मोठ्या ताई) वेळीच थांबवला. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंबुबाची मेळा असतो, तीन दिवस मंदिराचे दरवाजे बंद असतात आणि नीलाचल टेकडीवर देशभरातून लाखोंची गर्दी लोटते. गुडघे दुखणाऱ्या माणसाने त्या आठवड्यात तिकडे फिरकू नये.

या तिन्ही घटनांच्या मुळाशी एकच गोष्ट होती. कुटुंब नव्या नकाशावर सह्याद्रीचं घड्याळ आणि सह्याद्रीचं पंचांग चालवत होतं.

आधी घड्याळाचं पाहू. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. पुणे ७३.९ अंशांवर, गुवाहाटी ९१.७ अंशांवर. फरक जवळपास १८ अंशांचा, आणि अंशाला ४ मिनिटं धरली तर गुवाहाटीचा सूर्य पुण्याच्या सव्वा तास पुढे असतो. जूनमध्ये पहाटे साडेचारला उजाडतं. डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारला सूर्य मावळतो. म्हणजे गुवाहाटीहून साडेआठला निघणं हे सूर्याच्या हिशेबाने पुण्याहून पावणेदहाला निघण्यासारखं आहे. आसामचे चहामळे हे फार पूर्वीपासून ओळखून आहेत. तिथे घड्याळ तासभर पुढे ठेवतात, त्याला 'बागान टाइम' म्हणतात.

पंचांगाची गोष्ट याहून खोल आहे. मराठी घरात पावसाळा म्हणजे सहलीचा मोसम. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर हा पुराचा, दरडींचा, बंद उद्यानांचा काळ असतो. नदी चढली की फेरीबोटी थांबतात. दावकीला उमंगोट नदीचं जे काचेसारखं पाणी सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं असतं, ते पावसाळ्यात गढूळ असतं. आसामात फिरण्याचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल.

समोर असलेले पर्याय

जुलैच्या पहिल्या आठवड्यात घरात नीट बसून विचार झाला. चार मार्ग पुढे आले.

पहिला, नोव्हेंबरपर्यंत काहीच न करणं. हा सोपा होता, पण मुलांची अख्खी सुट्टी चार भिंतींत गेली असती. शहरात पाणी तुंबलं की बाहेर पडणंही अवघड होतं, त्यात कंटाळा वाढतो आणि 'परत जाऊ या' हा सूर घरात रुजतो.

दुसरा, पर्यटन कंपनीची आठवड्याची सहल. आजींसाठी सोयीची, पण अशी सहल गुवाहाटीला विमानतळापुरतंच धरते. जिथे तीन वर्षं राहायचं आहे त्या गावाची ओळख तिच्यातून होत नाही. शिवाय जुलैत मिळणारी सहल मेघालयाचीच, म्हणजे पुन्हा ढग.

तिसरा, गुवाहाटीहून न्यू हाफलाँगला जाणारी काचेच्या डब्यांची रेल्वे. मुलांचा यावर जीव होता. वडिलांनी मार्गाची माहिती काढली तेव्हा २०२२ च्या मे महिन्यातली घटना समोर आली. दिमा हसाओ जिल्ह्यात दरडी कोसळून न्यू हाफलाँग स्थानक चिखलाखाली गेलं होतं आणि डोंगरातला रेल्वेमार्ग कित्येक आठवडे बंद होता. पावसाळ्यात मुलं आणि आजींना घेऊन हा धोका नको, असं ठरलं. आमच्या मते हा निर्णय अचूक होता.

चौथा मार्ग मुलांच्या आईंनी मांडला: गुवाहाटीभोवती वर्तुळं आखायची. पहिलं ४० किमीचं, अर्ध्या दिवसात होणारं. ते पूर्ण झाल्याशिवाय दुसरं नाही. दुसरं ६० ते १०० किमीचं, पूर्ण दिवसाचं. त्यापलीकडे काहीही असलं तर निदान दोन रात्री मुक्काम.

चौथा निवडला. त्यासोबत दोन नियम केले. रविवारी घर बागान टाइमवर चालणार, म्हणजे साडेपाचला गाडीत आणि साडेबाराला जेवायला घरी. आणि यादीतल्या प्रत्येक नावापुढे 'कधी बंद' हा रकाना असणार. 'कधी उघडं' असं विचारलं की लोक मोघम उत्तर देतात; 'कधी बंद' विचारलं की नेमकं सांगतात. त्या रकान्यात पुढे बऱ्याच बारीक गोष्टी आल्या: राज्य संग्रहालय सोमवारी बंद, प्राणिसंग्रहालय शुक्रवारी बंद, मेघालयातल्या खासी डोंगरांत रविवारी बाजार बंद, बोहाग बिहू या असमिया नववर्षाच्या दिवसांत एप्रिलच्या मध्याला गाडीला चालक मिळणं कठीण.

काय केलं

पहिल्या वर्तुळात पावसातही चालेल अशा जागा निवडल्या. सराईघाट पूल ओलांडून उत्तर तीरावरचं सुआलकुची, सुमारे ३५ किमी. घराघरांत माग असलेलं हे रेशमाचं गाव. पाऊस पडत असला तरी विणकाम छपराखाली चालू असतं, आणि मुगा रेशमाचा सोनेरी रंग मूळचाच असतो, हे मुलीने धाग्याला हात लावून पाहिलं. तिथूनच पुढे हाजो: हयग्रीव माधवाचं मंदिर टेकडीवर, पायऱ्या बऱ्याच. आजी खाली तळ्याकाठी थांबल्या.

ब्रह्मपुत्रेतल्या उमानंद बेटाचा बेत दोनदा रद्द झाला, कारण पाणी चढलेलं होतं. त्याऐवजी उत्तर गुवाहाटीला जाणारा रज्जुमार्ग निवडला. २०२० साली सुरू झालेला हा मार्ग सुमारे १.८ किमीचा आहे. पायऱ्यांचा त्रास न होता, पूर आलेली नदी वरून दिसते. आजींनी या शहरात मनापासून पाहिलेली ही पहिली गोष्ट. त्यानंतर त्या स्वतःहून 'या रविवारी कुठे?' असं विचारू लागल्या. ज्येष्ठांच्या बाबतीत पहिली चांगली सहल कोणती निवडता यावर पुढचं वर्ष बरंचसं ठरतं. सोहऱ्याच्या फेरीने बसलेली भीती घालवायला त्या अर्ध्या तासाचा फार उपयोग झाला.

जुलैत डासांचा विषय बालरोगतज्ज्ञांकडे नेला. आसामात पावसाळ्यात जपानी मेंदूज्वराचे रुग्ण आढळतात. मुलांच्या लसीची नोंद तपासून घेतली. पुण्याहून येणाऱ्या कुटुंबांच्या हे सहसा लक्षातच येत नाही, कारण तिथे हा प्रश्न कधी समोर आलेला नसतो.

गाडीचा प्रश्न ऑगस्टमध्ये सुटला. पुण्यात ठेवलेली पाच वर्षांची हॅचबॅक आणायची की विकायची? कर्जाचे काही हप्ते बाकी होते, म्हणून आधी बँकेचं ना-हरकत पत्र, मग गाडी दुसऱ्या राज्यात नेण्याच्या ना-हरकतीसाठी पुण्याच्या आरटीओकडे नमुना २८ चा अर्ज. जुनी ई-चलनं भरल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, आणि दोन चलनं तशीच राहिलेली निघाली. कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि तिथला रस्ता कर भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मागता येतो, पण नव्या नोंदणीचा पुरावा दिल्यावर. तीन वर्षांचा मुक्काम धरून गाडी आणायचं ठरलं. वाहक ट्रकवर चढवताना टाकीत नावापुरतं पेट्रोल, चारही बाजूंचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो, आत सामान अजिबात नाही. उतरवून घेतल्यावर सही करण्याआधी मागच्या बंपरवरचा चरा पावतीवर लिहून घेतला, त्यामुळे भरपाईबाबत वाद झाला नाही.

सोहऱ्याला दुसऱ्यांदा गेले ते ऑक्टोबरमध्ये, दुर्गापूजेच्या सुट्टीत, तीन रात्रींसाठी. हा काळ आम्हाला सर्वात योग्य वाटतो. पाऊस ओसरलेला, आकाश मोकळं होत आलेलं आणि धबधब्यांना अजून भरपूर पाणी. जानेवारीत आकाश निळं असतं, पण नोहकालिकाईची धार बारीक होते. अडचण एवढीच की पूजेच्या सुट्टीत बंगालमधूनही गर्दी येते. खोल्या सहा आठवडे आधी घेतल्या. पहाटे पाचला घर सोडलं, जोराबाट उजाडता उजाडता मागे पडलं, उमियम तलावापाशी नाश्ता, अकराच्या आत सोहरा. जूनमध्ये याच रस्त्याला सात तास लागले होते.

इथे एक मोठा निर्णय घ्यावा लागला. नोंगरिआतचा दुमजली जिवंत मुळांचा पूल मुलीला पाहायचाच होता. तिरना गावातून खाली सुमारे ३,५०० पायऱ्या आणि तेवढ्याच परत वर. सगळ्यांनी थोडं खाली उतरून मागे फिरायचं, असा तोडगा आधी निघाला होता. तो त्यांनी मोडला, हे बरं झालं. अशा तोडग्यात कोणालाच काही मिळत नाही. त्याऐवजी दोन गट केले. वडील आणि मुलगी सकाळी सहाला तिरनाहून उतरले, सोबत माणशी दोन लिटर पाणी, लांब मोजे, जळवांसाठी मीठ आणि रोख पैसे. दीडपर्यंत वर आले. आई, आजी आणि मुलगा मोसमाई गुहेकडे गेले. गुहा छोटी आहे, आत दिवे आहेत, पण मधे अंग चोरून जावं लागतं. आजी तोंडापाशीच बसल्या. संध्याकाळी दोन्ही गटांकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. दुसरा दिवस रविवार. नाश्ता आणि जेवण आदल्या संध्याकाळीच होमस्टेमध्ये सांगून ठेवलं होतं, त्यामुळे बंद बाजाराचा त्रास झाला नाही.

नोव्हेंबरात पोबितोरा. सुमारे ५० किमीवर, ३८.८ चौरस किमीचं हे छोटं अभयारण्य एकशिंगी गेंड्यांच्या दाटीसाठी प्रसिद्ध आहे. काझीरंगाची रंगीत तालीम म्हणून ते निवडलं आणि त्याचा फायदा झाला. उघड्या जिप्सीत सकाळच्या थंडीने मुलगा कुडकुडला. पुढच्या वेळी कानटोपी आणि हातमोजे आले.

डिसेंबरची मोठी सुट्टी: तवांग की माजुली?

वडिलांचा कल तवांगकडे. २०२४ च्या मार्चमध्ये सेला बोगदा खुला झाल्यापासून हिवाळ्यातही रस्ता चालू राहतो, हा त्यांचा मुद्दा बरोबर होता. अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट ऑनलाइन मिळतं. आसाम आणि मेघालयात ते लागत नाही. प्रश्न परमिटचा नव्हताच. गुवाहाटी समुद्रसपाटीपासून ५०-५५ मीटरवर, तवांग ३,००० मीटरच्या आसपास, सेला खिंड सुमारे ४,१७० मीटर. बोगद्यामुळे माथ्यावरचा बर्फ टळतो, उंची टळत नाही. बोगदाही सुमारे १३,००० फुटांवर आहे. आजींच्या डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं नाही, पण वाटेतल्या, कमी उंचीवरच्या दिरांगला दोन रात्री थांबून मगच वर जा, असं सांगितलं. म्हणजे निदान आठ दिवस. सुट्टी सहा दिवसांची. दिवस कापायचे तर तेच दोन कापले गेले असते जे आजींच्या तब्येतीसाठी होते. तवांग पुढच्या वर्षावर गेलं.

काझीरंगा आणि माजुली ठरलं. पहाटे पाचला निघून सुमारे २०० किमीवरचं काझीरंगाचं कोहोरा साडेदहाला गाठलं. उद्यानालगतच्या महामार्गावर प्राण्यांच्या वाटा आहेत, तिथे वेग ताशी ४० च्या वर नेला नाही. दुपारची सफारी मुद्दाम टाळली, कारण साडेचारला अंधारतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बागोरी परिक्षेत्र. गेंडे, हत्ती, दलदलीतली हरणं दिसली. तरी गवत माणसाहून उंच होतं आणि बरंच काही त्यामागे राहिलं.

पुढे ९० किमीवर जोरहाटला मुक्काम. माजुलीला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाडी चढवता येते, पण जागा मोजक्या असतात. म्हणून ती हॉटेलवर ठेवली आणि माजुलीत दिवसाच्या भाड्याने गाडी घेतली. ही बोट जिथून सुटते त्या निमाती घाटाजवळ २०२१ च्या सप्टेंबरमध्ये दोन बोटींची टक्कर होऊन अपघात झाला होता, हे आईंना माहीत होतं. त्यामुळे सरकारी फेरीबोटच, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाऊल नाही, असं ठरलं. मुलाच्या मापाचं जॅकेट घाटावर असेलच असं नाही, म्हणून गुवाहाटीहून सोबत नेलं. समागुरी सत्रातले (सत्र म्हणजे वैष्णव मठ) मुखवटे आणि औनीआटी सत्र पाहायला दीड दिवस पुरला.

परतीच्या सकाळी नदीवर दाट धुकं होतं. पहिली फेरीबोट दोन तास उशिरा सुटली. जोरहाटला पोहोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. गुवाहाटी ३०० किमीहून जास्त. लगेच निघालं तर निम्मा रस्ता अंधारात आणि धुक्यात. घरी पोहोचायची घाई सगळ्यांनाच होती, दुसऱ्या दिवशी वडिलांचं ऑफिस होतं. त्यांनी फोन करून रजा वाढवली आणि आणखी एक रात्र काढली. वर्षभरातला हा सर्वात महत्त्वाचा निर्णय, असं आम्ही मानतो.

निष्पत्ती

पुढच्या मे महिन्यापर्यंत पहिलं वर्तुळ पूर्ण झालं होतं. दुसऱ्यातलं चांदुबी तळं पाहून झालं. १८९७ च्या मोठ्या भूकंपात जमीन खचून हे तळं तयार झालं, आणि मुलीने शाळेतला प्रकल्प त्यावरच केला. फेब्रुवारीत दावकीला उमंगोटचा तळ खरोखर दिसला. त्याच फेरीत रिवाईचा मुळांचा पूल झाला. तिथे उतार थोडा असल्याने आजी काठी टेकत पोहोचल्या. गुवाहाटीलगतच्या दिपोर बिल या पाणथळीला पहिल्यांदा दहा वाजता गेले तेव्हा पक्षी लांब होते. दुर्बीण घेऊन सहाला गेल्यावर चित्र बदललं.

सगळंच जमलं नाही. मुलाला लांबच्या रस्त्याची मळमळ अजूनही होते आणि गाडीची आसामातली नोंदणी अकराव्या महिन्यापर्यंत रखडली.

वेगळं काय करता आलं असतं

गाडीची कागदपत्रं पुणे सोडण्याआधीच हाती घ्यायला हवी होती. बँकेचं पत्र आणि थकलेली चलनं ही दोन कामं तिथे आठवड्यात झाली असती. इथून त्यांना दीड महिना लागला.

काझीरंगा डिसेंबरऐवजी फेब्रुवारीच्या अखेरीस ठेवायला हवं होतं. जानेवारी-फेब्रुवारीत वनविभाग ठरवून गवत जाळतो, त्यानंतर कोवळा पाला फुटतो आणि प्राणी मोकळ्यावर येतात. डिसेंबरची सुट्टी माजुलीला आणि फेब्रुवारीतला लांब शनिवार-रविवार काझीरंगाला दिला असता तर दोन्हींना न्याय मिळाला असता.

माजुलीच्या परतीसाठी अर्धा दिवस मोकळा ठेवला होता. हिवाळ्यात तो कमी पडतो. धुक्याच्या महिन्यात फेरीनंतरचा सबंध दिवस रिकामा धरावा आणि हॉटेलची खोली रद्द करता येईल अशा अटीवर घेऊन ठेवावी.

तवांगसाठी आता ऑक्टोबरचे नऊ दिवस राखून ठेवले आहेत. त्यातल्या दोन रात्री दिरांगच्या. आजींची रक्तदाबाची तपासणी निघण्याच्या आठवडाभर आधी, आणि ती समाधानकारक नसेल तर आई व आजी दिरांगलाच थांबतील, वडील आणि मुलं पुढे जातील, हेही आताच ठरलेलं आहे.